वादळात वाडीचं नुकसान झालंय, कळवायचं कसं?

प्रश्न: वादळात आमच्या वाडीतल्या घरांचे पत्रे उडाले, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, तलाठी अजून फिरकले नाहीत. आवराआवर करावी की थांबावं? (एक वाचक, दापोली तालुका)

उत्तर: थांबू नका हो, पाऊस काय पंचनाम्याची वाट बघतो होय! आधी मोबाईलवर लोकेशन आणि तारखेसकट फोटो काढा, मग आवरा. घरोघरी फिरून यादी करा, कोणाचं घर, किती पत्रे, कुठली भिंत, आणि सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज तहसीलला देऊन पोच घ्या, तोंडी सांगितलेलं कोणी लक्षात ठेवत नाही. मदतीसाठी पिकाचं नुकसान किमान ३३ टक्के, घराची पडझड १५ टक्के लागते, त्यामुळे नुसतं 'बरंच नुकसान' लिहून भागत नाही. आणि झाडं मोजाच, २०२० च्या निसर्ग वादळानंतर नारळ-सुपारीची मदत झाडामागे ठरली होती.