सातवीतल्या मुलीला सूत्रं आणि गुणोत्तर-प्रमाण खेळातून शिकवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सातवीत आहे, सूत्रं तोंडपाठ आहेत, पण शाब्दिक उदाहरण आलं की कुठलं सूत्र लावायचं तेच तिला कळत नाही. घरच्या घरी खेळत सराव घ्यायचा तुमचा विचार आहे आणि शिकवणीचे सर म्हणतात, असले लाड नंतर करा, आधी रोज पन्नास उदाहरणं सोडवून घ्या. सरांचं हे वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायला बसले नसते. आमच्या घरात तेच वाक्य मी तीसहून जास्त वर्षं ऐकते आहे.

सरांचं चुकतंय. उदाहरण कळत नाही म्हणून अडणाऱ्या मुलीला तशीच आणखी पन्नास दिली तर ती पन्नास वेळा अडेल.

मी मालवणची. बाबा रापणीत होते, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून मोठं जाळं ओढायच्या मासेमारीत. रापण ओढून झाली, मासळी विकली गेली की वाळूतच पैशांचे वाटे व्हायचे, आणि १९८९ साली, मी सातवीत असताना, त्या हिशेबाची वही माझ्याकडे होती. ओढणाऱ्या प्रत्येकाला एक वाटा, पोरांना अर्धा, तांडेलाला, म्हणजे म्होरक्याला, दोन, जाळं नि होडी मिळून दहा. (गावागणिक नियम बदलतात, आमचे हे होते.) तीस माणसं नि आठ पोरं असली तर सेहेचाळीस वाटे. २,३०० रुपये आले तर वाट्याला पन्नास, पोराच्या हातावर पंचवीस. चुकलं तर तिथल्या तिथे आरडाओरडा, म्हणून मी चुकत नसे.

त्याच वर्षी शाळेत गणित आलं: ४६० रुपये अ, ब आणि क यांना २:३:५ या प्रमाणात वाटा. मी लिहिलं, एकूण वाटे दहा, एका वाट्याला ४६, म्हणून ९२, १३८ आणि २३०. गुरुजींनी ‘वाटे’ या शब्दाखाली लाल रेघ मारली, अर्धे गुण कापले आणि वर्गासमोर म्हणाले, हा मासळीबाजार नाही, क्ष धर. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, गणितात शाळेत पहिला. संध्याकाळी त्याने मला २क्ष + ३क्ष + ५क्ष लिहून दाखवलं आणि म्हणाला, ‘बाबांचं गणित शाळेत चालत नाही.’ बाबा पडवीत जाळं सांधत बसले होते. त्यांनी ऐकलं. बोलले काहीच नाहीत.

तो दादा आज मुंबईत गणिताच्या शिकवण्या घेतो. २०१९ च्या मे महिन्यात त्याने मुलाला आमच्याकडे पाठवलं, सोबत सरावाचं जाडजूड पुस्तक. रोज पन्नास. भाचा तेव्हा सातवीची परीक्षा देऊन आला होता, गणितात ९१ गुण. पोरगा हुशार, आज्ञाधारक. पहिल्या दिवशी पडवीत बसून त्याने खरंच पन्नास सोडवली.

दुसऱ्या दिवशी शेजारची मुलं खाडीत खुबे (शिंपले) काढायला निघाली आणि यालाही जायचं होतं. पण सुकती, म्हणजे ओहोटी, कधी ते ठाऊक नव्हतं. मोबाइल काढायला लागला तर बाबा म्हणाले, ‘तिथ बघ. तेची पावणकी कर, भरती कळतली. मगे सा तासांनी सुकती.’

भिंतीवरच्या कॅलेंडरवर वैशाख शुद्ध अष्टमी होती. पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, भाच्याला माहीत नव्हती. बाबांनी बसल्या जागी म्हणून दाखवली: चार पाऊण तीन, आठ पाऊण सहा, बारा पाऊण नऊ. म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास भरती नि दुपारी बारा-साडेबाराला सुकती. कोकणात ही रीत जुन्या माणसांना सगळीकडे ठाऊक आहे, त्यात बाबांचं विशेष काही नाही. पोरगा मात्र हरखला. शाळेत शिकलेलं समप्रमाण एकदम त्याच्या उपयोगाचं झालं होतं. टळटळीत उन्हात बारा वाजता खाडीत गेला आणि अर्ध्या तासात ओंजळभर खुबे घेऊन परत आला. पाणी फार लांब गेलंच नव्हतं.

बाबा म्हणाले, ‘आज भांग आसा रे. पाणी लांब जावचा नाय.’

अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, चढतंही कमी नि उतरतंही कमी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला उलट. पाऊणकीने वेळ दिली होती, पाणी किती हटेल ते दिलं नव्हतं. सूत्र कशाचं उत्तर देतं आणि कशाचं देत नाही हे त्याला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

मग त्याला नाद लागला. त्या जाड पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्याने तक्ता केला. डावीकडे प्रतिपदा ते पौर्णिमा, उजवीकडे भरतीची वेळ. प्रतिपदेला पाऊण वाजता, द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन, असं करत पौर्णिमेला सव्वाअकरा. त्याच्याखाली त्याने परत प्रतिपदा लिहिली नि थांबला. मी विळीवर खोबरं खवत होते.

‘आत्या, पौर्णिमेला सव्वाअकरा आणि दुसऱ्या दिवशी पाऊण? रोज पाऊण तास उशीर होतो ना? मग त्या एकाच दिवशी दीड तास कसा?’

मी लहानपणापासून पाऊणकी करत आले, ही उडी मला कधी दिसली नव्हती. बाबांना विचारलं तर म्हणाले, ‘पुनवेक आमी अदमासानच जातो.’ म्हणजे त्यांना चूक माहीत होती आणि ती ते डोळ्यांनी दुरुस्त करत होते.

पौर्णिमेला आणि दुसऱ्या दिवशी पोरगा जेटीच्या पायऱ्यांवर बसला. दर दहा मिनिटांनी पाणी कितव्या पायरीला लागलंय ते लिहायचं. वरून पाचव्या पायरीच्या कडेशी पाणी आलं, तिथे कितीतरी वेळ नुसतं हेलकावत राहिलं नि मग पायरी ओली ठेवून खाली सरकलं. शिगेची नेमकी वेळ पकडणं अवघड असतं हे त्याला तिथे कळलं, म्हणून त्याने पाणी पायरीला टेकल्याची वेळ आणि सोडल्याची वेळ घेऊन मधली धरली. हे मी सांगितलं नव्हतं, माझ्या बाबांनीही नाही. दुसऱ्या दिवशी पाणी पहिल्या दिवसापेक्षा पंचेचाळीस-पन्नास मिनिटं उशिरा आलं, दीड तास नाही.

रात्री जेवताना तो म्हणाला, पंधरा तिथींत घड्याळाचे बारा तास फिरून परत तिथेच यायला हवं. पंधरा तिथींना बारा तास, तर एका तिथीला बारा भागिले पंधरा. म्हणजे ४/५. पाऊण तास नाही, अठ्ठेचाळीस मिनिटं. रोजची तीन मिनिटं साठत जातात, पंधरा त्रिक पंचेचाळीस, तोच हरवलेला पाऊण तास!

ताटातला भात तसाच होता. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दादाच्या त्या वाक्याला तीस वर्षं झाली होती.

मला विचाराल तर जुन्या लोकांनी पाऊण धरलं याला कारण आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही कोष्टकं पाठ असायची, चार पंचमांशाचं कोष्टकच नव्हतं. होडीत बसून तोंडी होईल असा आकडा त्यांनी घेतला नि चूक अंदाजाने सावरली. हे अडाणीपण नव्हे. किती चूक चालते हे ठरवून केलेलं गणित आहे ते.

पुढे आणखी एक गाठ होती. ४/५ ने पौर्णिमेला बरोबर बारा येतात, आणि आमच्याकडे पाणी त्याच्या आधीच शिगेला पोचलं होतं. पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेला सरकत जाते, मालवणला आधी नि मुंबईला नंतर. मग त्याने पानावर लिहिलं: तिथी गुणिले ४/५, वजा गावाचा फरक. ‘गावाचा फरक’ दर वेळी लिहायचा कंटाळा आला म्हणून तिथे क्ष घातला. गुरुजींनी मला धरायला लावलेला क्ष तो हाच, पण त्याला तो का लागतो हे माहीत होतं.

त्यानंतर दादाचा फोन. पन्नासपैकी किती झाली? एकही नाही. मग जे व्हायचं ते झालं. दादा म्हणाला, परीक्षेत तिथी विचारत नाहीत. मी म्हटलं, परीक्षेत जे विचारतात त्याचाच हा पोरगा इतके दिवस विचार करत होता, नुसतं त्यावर ‘प्रकरण आठवे’ लिहिलेलं नव्हतं. दादा, तू हे वाचलंस तर सांगते, मला अजून तसंच वाटतं.

आता तुमच्या मुलीचं. सूत्र कुठलं लावायचं हे तिला कळत नाही याचं कारण पुस्तकात ते धड्याच्या नावातच लिहिलेलं असतं, तिला कधी शोधावं लागलेलं नाही. म्हणून घरात खोटं दुकान मांडू नका, खोट्या नोटा आणू नका. सातवीतल्या मुलीला त्याची लाज वाटते. खरं काहीतरी अडलेलं असू द्या आणि उत्तर चुकलं तर ते चुकलेलं दिसू द्या.

घावणे करताना विचारा: आठ इंची घावणे सोळा होतील एवढं पीठ आहे, आज दहा इंची तव्यावर तेवढ्याच जाडीचे घातले तर किती होतील? बहुतेक मुलं आठास दहा धरून तेरा म्हणतात. घालून बघा, दहा होतात. पीठ व्यासावर नाही, क्षेत्रफळावर जातं, चौसष्टास शंभर. पाय (π) दोन्हीकडे आहे म्हणून उडून जातो हे तिच्या लक्षात आलं तर त्या दिवशी दुसरं काही शिकवू नका.

आंब्याच्या दिवसांत हापूसची पेटी. समजा पाच डझनी पेटी २,००० ला आणि सहा डझनी २,१०० ला. डझनाला ४०० नि ३५०, सहा डझनी स्वस्त दिसते. मग तिच्या हातात वजनकाटा द्या. मोठं फळ अडीचशे ग्रॅमचं, लहान दोनशेचं निघालं तर पहिल्या पेटीत पंधरा किलो, दुसरीत १४.४ किलो. किलोला पहिली १३३ रुपये, दुसरी १४६ ला जाते. डझनाने स्वस्त ती किलोने महाग. कुठल्या भावाने घ्यायची यावर तिला भांडू द्या, घरी पाहुणे किती नि रस काढायचा की फोडी करायच्या यावर उत्तर बदलतं.

माडाची उंची सावलीवरून काढणं सगळ्यांना माहीत आहे, ते लिहीत नाही. फक्त सकाळी नि दुपारी दोनदा काढायला लावा आणि दोन उत्तरं जुळतात का ते बघू द्या.

प्रत्येक वेळी तिला एकच विचारायचं: यात एक वाढलं की दुसरं काय वाढतं, आणि तेवढ्याच पटीत का? भाचा त्यानंतर प्रत्येक शाब्दिक उदाहरणाआधी पेन्सिलीने हेच समासात लिहायला लागला.

एक गोष्ट दादाच्या बाजूने सांगायला हवी. पाऊणकी बाबांनी पाठच केलेली होती. पाढे पाठ नसते तर भाच्याला तक्ता करतानाच कंटाळा आला असता नि ती दीड तासाची उडी दिसलीच नसती. तेव्हा तीसपर्यंत पाढे आणि अपूर्णांकांचे व्यवहार मुलीकडून पक्के करून घ्या, त्यात खेळ नाही, ते बसूनच करावं लागतं. आणि पेपरात मात्र तिला क्ष धरूनच लिहू द्या, ‘वाटे’ लिहून गुण घालवू नका. भाच्याचे गुण त्या सुट्टीनंतर फार वाढले असंही नाही, ९१ चे ९३ झाले.

भरतीचं गणित करायचंच असेल तर मुंबईच्या चौपाटीवरही होईल, पण नुसत्या आकड्यावर पाण्यात उतरू नका. पावसाळ्यात तर नाहीच. सुट्टीत इकडे आलात तर खाडीवर कोणाही कोळ्याला आधी सुकतीची वेळ विचारा, मग मुलीचा आकडा त्याला सांगा. फरक किती पडतो नि का, हे तो तिला माझ्यापेक्षा नीट सांगेल.