पनामा कालव्याच्या क्रूझवर प्रवाशांना नेमकं काय बघायला मिळतं?

पनामा कालवा पार करायला लागणाऱ्या दिवसभरात बघण्यासारखं काय असतं आणि सत्तरीच्या आईवडिलांना ते झेपेल का, असं तुम्ही विचारलंय. पूर्ण कालवा पार करणार असाल तर त्या दिवशी जहाजावरून उतरायचंच नसतं, त्यामुळे झेपण्याची काळजी सोडा. कंटाळा येईल का, एवढंच बघायचं. मी फ्लोरिडाहून सुटणाऱ्या जहाजाने गेलो होतो. मला नाही आला, पण माझ्या बायकोने दुपारी सरळ ताणून दिली.

बुकिंगच्या आधी दोन गोष्टी नीट बघा. एक, प्रवास ‘फुल ट्रान्झिट’ आहे की ‘पार्शल’. पार्शलमध्ये जहाज कॅरिबियन बाजूने गाटुन तलावापर्यंत चढतं आणि आल्या वाटेने परत फिरतं. जाहिरातीत दोन्हींना पनामा क्रूझच म्हणतात. दुसरी गोष्ट जहाजाचा आकार. 1914 साली सुरू झालेली जुनी लॉक, म्हणजे जहाज वर-खाली करणारे पाण्याचे हौद (ते कसे चालतात ते पुढे सांगतो), साधारण साडेतेहेतीस मीटर रुंद आहेत, 2016 मध्ये उघडलेली नवी 55 मीटर. अवाढव्य जहाजं नव्यातून जातात. तिथे भिंत लांब राहते आणि टगबोटी जहाज सांभाळतात. माझं ऐकाल तर जुन्या लॉकमधून जाणारं जहाज निवडा, खरी गंमत तिथेच आहे.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला प्रचंड हौद. जहाज आत आलं की मागचा दरवाजा बंद होतो, हौदात पाणी भरतं, जहाज वर उचललं जातं, मग पुढचा दरवाजा उघडतो. गाटुनला असे तीन टप्पे चढून जहाज समुद्रसपाटीपासून 26 मीटर उंचीवर येतं. यात पंप कुठेच नाही. तलावाचं पाणी आपल्याच उताराने खाली येतं. म्हणून तर 2023 साली पाऊस कमी झाला तेव्हा जहाजांची संख्या घटवावी लागली होती.

आता जे मी डोळे फाडून बघत होतो ते सांगतो. जहाज लॉकच्या तोंडाशी आलं की एक साधी वल्ह्यांची होडी त्याच्याजवळ येते. त्यात दोन माणसं. जहाजावरून टाकलेला दोर पकडतात आणि भिंतीवरच्या लोकांकडे पोचवतात. एवढा अजस्र कारभार आणि सुरुवात वल्ह्यांनी! त्या दोराने पोलादी केबल जहाजावर ओढून घेतात. दुसरं टोक भिंतीवरच्या रुळांवर चालणाऱ्या विजेच्या इंजिनांना असतं, त्यांना तिथे ‘म्यूल’ म्हणतात. जहाज स्वतःच्याच ताकदीने पुढे जातं; म्यूलचं काम त्याला मधोमध ठेवायचं. मधूनच त्यांची घंटा वाजते, ते पायलटच्या, म्हणजे कालव्यातून जहाज नेणाऱ्या वाटाड्याच्या, हुकमाला उत्तर असतं. इथे कॅप्टन बाजूला आणि कालव्याचा पायलट मुख्य, असा नियम आहे.

हे सगळं बघायला बहुतेक जण वरच्या डेकवर गर्दी करतात. थोडा वेळ तुम्हीही जा, पण मग प्रोमनाड डेकवर, म्हणजे खाली, या. जहाज पुरेपूर रुंद असेल तर काँक्रीटची ओली, काळपट भिंत कठड्यापासून हातभर अंतरावर येते आणि पाणी भरेल तशी हळूहळू खाली सरकते.

त्यानंतर तलावाचा लांबलचक टप्पा. चाग्रेस नदी अडवून केलेला हा तलाव, त्यातली बेटं म्हणजे बुडालेल्या टेकड्यांचे माथे. डुलकी काढायची तर इथे काढा. कुलेब्राच्या खिंडीला मात्र उठा. डोंगर फोडून काढलेल्या या वाटेत सारख्या दरडी कोसळायच्या. फ्रेंचांनी 1881 ला काम सुरू केलं आणि हजारो माणसं पिवळा ताप, मलेरियाने गमावून ते सोडलं. पुढे अमेरिकेने पुरं केलं, मजूर मुख्यतः बार्बाडोससारख्या वेस्ट इंडीज बेटांवरचे. जहाजावरच्या कॉमेंट्रीत इंजिनिअरांची नावं भरपूर येतात, या मजुरांना दोन वाक्यं मिळतात. मला ते खटकलं.

शेवटी पेद्रो मिगेल आणि मिराफ्लोरेसची लॉक उतरून, ब्रिज ऑफ द अमेरिकाज खालून पॅसिफिकमध्ये. सगळं मिळून आठ ते दहा तास.

ऊन आणि दमट हवा मुंबईच्या मे महिन्याला लाजवेल अशी. टोपी, पाणी, सुती कपडे न्या. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत पाऊस कमी असतो. अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतणार असाल तर व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा, तो आधी तपासा. आणि घरच्यांना सांगून ठेवा: कालव्याच्या वेबसाइटवर लॉकचे लाइव्ह कॅमेरे दिसतात. तिथले सकाळचे सात म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच, त्यामुळे नातवंडं शाळेतून आल्यावर आजी-आजोबांचं जहाज आरामात बघू शकतील.