आधारची झेरॉक्स देण्याआधी

ऑनलाइन फसवणुकीपासून वाचायचं असेल तर सुरुवात आधारपासूनच करा. लॉजवर, भाड्याच्या खोलीसाठी, जो मागेल त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आपण आख्खं कार्ड धाडून मोकळे होतो; पुढे तो फोटो कुठे फिरतो याचा पत्ता नसतो. त्याऐवजी 'मायआधार' संकेतस्थळावरून मास्क्ड आधार उतरवून घ्या. त्यात १२ पैकी शेवटचे ४ आकडेच दिसतात आणि ओळख पटवायला बहुतेक ठिकाणी तेवढं पुरतं. काउंटरवरचा माणूस कुरकुर करेल, पण भिडेला बळी पडू नका. या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली ४ इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल, ओळखीच्या कुणालाही सुटेल असा. म्हणून झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर ती ठेवून उठू नका.

'मायआधार'वरच बायोमेट्रिक लॉकही, म्हणजे बोटांच्या ठशांना लावायचं कुलूपही, आहे. ते लावलं की तुमच्या ठशावर कुणाला व्यवहार करता येत नाही. रेशनला किंवा सिमकार्डासाठी ठसा द्यायचा असेल तेव्हा तात्पुरतं उघडता येतं. आईवडिलांचंही नक्की लावून द्या. ठशावर पैसे काढायची सोय गावोगाव पोचली आहे, आणि चोरही त्याच वाटेने येतात.

आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.