बायोप्सीऐवजी किडनीचा स्कॅन केला तर चालेल का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझ्या नणंदेला (वय २७) काही वर्षांपासून ल्युपस (आपलीच प्रतिकारशक्ती शरीरावर उलटण्याचा आजार) आहे, एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन) आणि थोडं स्टिरॉइड चालू आहे. आता लघवीला फेस यायला लागलाय, पायावर सूज आहे, २४ तासांच्या लघवीत प्रोटीन १.९ ग्रॅम निघालं पण क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) ०.९ म्हणजे नॉर्मल आहे. डॉक्टर किडनीची बायोप्सी करा म्हणतायत. सासूबाई जाम घाबरल्यात, सुईने तुकडा काढला तर आहे ती किडनीपण जायची असं त्यांचं म्हणणं. नात्यातल्या एकांनी सांगितलं की डीटीपीए नावाचा न्यूक्लिअर स्कॅन असतो, त्यात सगळं कळतं, कापाकापी नाही. तोच केला तर चालेल ना? – एक वहिनी, सांगली

उत्तर: वहिनी, स्कॅन चांगलाच आहे, पण तुम्हाला जे कळायला हवंय ते त्यात दिसत नाही.

डीटीपीएमध्ये हाताच्या शिरेतून टेक्नेशियम (किरणोत्सर्गी पदार्थ) लावलेलं औषध देतात, ते किडनीच्या गाळण्यांमधून गाळलं जातं आणि गॅमा कॅमेरा वीस-तीस मिनिटं बघत बसतो की कुठली किडनी किती वेगाने गाळतेय. म्हणजे काम किती चाललंय ते कळतं, जीएफआरचा (किडनी मिनिटाला किती गाळते त्याचा) आकडा मिळतो, डावी-उजवी वाटणी मिळते. पण काम कमी झालंय ते आज पेटलेल्या सुजेमुळे की जुन्या सुजेने गाळण्या सुकून व्रण झाल्यामुळे, हे कॅमेऱ्याला दोन्हीकडे सारखंच दिसतं, आणि औषधाचा सगळा निर्णय तर त्यावरच असतो हो! ताजी सूज असेल तर जोरदार औषध देऊन किडनी वाचवायची, नुसते व्रण असतील तर तीच औषधं देऊन फक्त इन्फेक्शनला आमंत्रण.

दुसरं म्हणजे ल्युपस दोन्ही किडन्यांना एकदमच धरतो त्यामुळे वाटणी बहुतेक वेळा ५०-५० च्या आसपासच येते, आणि रिपोर्ट वाचून घरचे निर्धास्त होतात, मला याचीच जास्त भीती वाटते. उलट एक बाजू खूपच मागे पडलेली दिसली तर ल्युपस सोडून वेगळं काही शोधावं लागतं, शिरेत गुठळी, धमनी अरुंद झालेली, नाहीतर खाली कुठे अडथळा. ल्युपसमध्ये गुठळ्यांचा त्रास असतोच, त्यामुळे तशी शंका असेल तर डॉक्टर डॉप्लर सोनोग्राफी सांगतील.

सूज दिसावी म्हणून केलेला स्कॅनही होता, गॅलियम-६७ चा. इंजेक्शन देऊन ४८ तासांनी फोटो काढायचा, तोपर्यंत निरोगी किडनी फिकी पडलेली असते, पेटलेली असेल तर अजून चमकते. ल्युपसमध्ये यावर अभ्यास झाले, बायोप्सीशी ताडून बघितलं, आणि सूज जास्त तशी चमक जास्त असं बऱ्यापैकी जुळायचं. पण किडनीत साधं इन्फेक्शन असलं तरी ती चमकायची, औषधाच्या ऍलर्जीने सुजली तरी चमकायची, आणि ल्युपसचा क्लास (किडनीतल्या आजाराचा प्रकार) कुठला ते कळायचंच नाही. त्यात गॅलियमचं अर्धआयुष्य ३ दिवसांच्या वर (टेक्नेशियमचं ६ तास) म्हणून रेडिएशनही जास्त, त्यामुळे ती पद्धत मागे पडली. पेट स्कॅन विचाराल तर त्यातली साखर लघवीतूनच बाहेर जाते, म्हणजे किडनी चमकणारच, सूज असो नसो. डीएमएसए हा आणखी एक न्यूक्लिअर स्कॅन व्रण दाखवायला छान, पण तोही ताज्या सुजेचा प्रकार सांगत नाही.

आता बायोप्सी. जागा बधिर करतात, सोनोग्राफीत बघत सुई घालतात आणि शेवईएवढा बारीक तुकडा निघतो. एका किडनीत साधारण १० लाख गाळण्या असतात, त्यातल्या वीस-पंचवीस गेल्या तर किडनीला पत्ताही लागत नाही, हे सासूबाईंना नक्की सांगा. त्या तुकड्यातून क्लास १ ते ६ मधला कुठला ते ठरतं, शिवाय ताजी सूज २४ पैकी किती आणि जुने व्रण १२ पैकी किती असे आकडे मिळतात. धोका नाहीच असं मी म्हणणार नाही, लघवीत थोडं रक्त येऊ शकतं, रक्त चढवावं लागेल एवढा रक्तस्राव शंभरात एक-दोघांना. म्हणून बीपी आणि प्लेटलेट आधी बघतात, ऍस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. नंतर काही तास पाठीवर उताणं पडून राहायचं, मोबाईल बघत.

आणि क्रिएटिनिन ०.९ वर विसंबू नका. बारीक अंगकाठीच्या बाईत बरंच काम कमी होईपर्यंत ते नॉर्मलच दिसतं. ल्युपसमध्ये दिवसाला अर्ध्या ग्रॅमच्या वर प्रोटीन गेलं की बायोप्सीचा विचार करतात, तुमच्याकडे १.९ आहे, त्यामुळे डॉक्टर उगाच सांगत नाहीयेत. लांबवू नका.

प्रश्न: मलाही ल्युपस आहे, बाळ पाच महिन्यांचं आहे आणि डीटीपीए सांगितलाय. दूध पाजणं बंद करायचं का? – ठाणे

उत्तर: बंद करायची गरज नाही. बहुतेक ठिकाणी साधारण ४ तास थांबायला सांगतात, तेवढ्या वेळातलं एकदाचं दूध पिळून टाकून द्यायचं, नंतर पाजा. आधी पिळून फ्रिजमध्ये ठेवलेलं दूध त्या वेळात चालतं. गॅलियम-६७ असता तर मात्र पाजणं बंदच करावं लागलं असतं. पुन्हा दिवस गेलेत अशी शंका असेल तर स्कॅनच्या आधी सांगा, इंजेक्शन दिल्यावर नाही. स्कॅनआधी भरपूर पाणी प्या, कारण किडनी कोरडी असेल तर आकडा उगाच वाईट येतो आणि सगळं घर टेन्शनमध्ये.