पहिलं इंटरॅक्टिव्ह चित्र: मांडणी आधी कागदावर

हात लावला की बदलणारं तुमचं पहिलं चित्र करायला तुम्ही पी-फाइव्ह (ब्राउझरमध्ये कोड लिहून चित्रं काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) निवडलंत, छान केलंत. पण कोड उघडण्याआधी कागदावर ३ चौकटी काढा: बघणारा येतो, हात लावतो आणि हात काढून घेतो, तेव्हा पडद्यावर काय दिसतं? तिसरी चौकट नवे लोक हमखास विसरतात. मग हात निघाला की चित्र निर्जीव होतं.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:

- आकृतीची जागा ४००, ३०० अशा ठरावीक पिक्सेलमध्ये लिहिणं. रुंदीचा अर्धा, उंचीचा तिसरा भाग असं लिहा, आणि ब्राउझरच्या खिडकीचा आकार बदलला की कॅनव्हासचा (चित्र उमटतं त्या जागेचा) आकारही बदला.
- माउस नुसता वरून फिरवण्यावर विसंबणं. फोनवर बोटाला ते जमत नाही.

शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारा रंग-प्रकाशाचा कोड), कॅमेरा सध्या नकोच. एकच हालचाल घ्या, मग चित्र फोनवर उघडून तो घरातल्या कुणाच्या हातात काही न सांगता द्या आणि बोट आधी कुठे जातं ते बघा.