बेत वाऱ्याला विचारून करा

क्रोएशियातल्या स्प्लिट शहरातून आठवडाभरासाठी शिडाची बोट भाड्याने घ्यायची आणि आसपासची बेटे पाहायची, अशा सुट्टीविषयी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर ठाण्यातून आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. सगळ्यांना वेगवेगळे लिहिणे शक्य नाही, म्हणून जे प्रश्न अनेकांनी विचारले आहेत तेवढे इथे घेते.

दोन कुटुंबे मिळून आम्ही सहा जण आहोत. मुले आठ आणि अकरा वर्षांची. बोट कोणीच चालवलेली नाही. मे महिन्याच्या सुट्टीत जावे की दिवाळीत? आणि बोट केवढी घ्यावी? (कोलशेत रोड, ठाणे)

मेमध्ये जा, तेही दुसऱ्या पंधरवड्यात. तिथला हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर असतो. दिवाळीपर्यंत बेटांवरच्या बऱ्याच खानावळी बंद झालेल्या असतात, दिवस लहान होतात आणि वारा बेभरवशाचा होतो. जुलै-ऑगस्टमध्ये भाडी चढतात आणि बंदरात जागेसाठी दुपारपासूनच धावपळ सुरू होते. मेमध्ये एकच अडचण आहे : पाणी गार असते, अठरा-एकोणीस अंशांच्या आसपास. मुले तरीही उड्या मारतील, तुम्ही टॉवेल घेऊन उभे राहाल.

बोट चालवायला माणूस घ्या. त्याला तिकडे स्किपर म्हणतात. आपल्याकडचा तांडेलच तो. पहिल्या खेपेला यात काटकसर करू नका. दिवसाला साधारण २०० युरो बाजूला ठेवा, शिवाय त्याचे जेवण आपल्याकडे. बोट ठरवताना बरेच जण एक गोष्ट विसरतात : स्किपरलाही झोपायला जागा लागते. दोन जोडपी आणि दोन मुले म्हटल्यावर तीन केबिन पुरतील असे वाटते, पण तुम्हाला चार लागतील. चार केबिनची कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची बोट, घेतली तर ती कमी कलते आणि मुलांना वावरायला मोकळी जागा मिळते, मात्र भाडे आणि बंदरात थांबण्याचे शुल्क दोन्ही जास्त पडतात. मला स्वतःला एकाच सांगाड्याची बोट आवडते. शिडात वारा भरला की ती एका अंगावर कलते आणि पाणी कापत निघते, तेव्हा कळते की आपण वाऱ्यावर चाललो आहोत.

सात दिवसांचा बेत सोबत पाठवला आहे : स्प्लिट, ह्वार, विस, कोर्चुला, म्ल्येत, दुब्रोवनिक आणि परत स्प्लिट. काही सुधारणा सुचवाल का? (सेक्टर १७, वाशी)

बेत मेहनतीने केला आहे हे दिसते, पण तो बसच्या सहलीचा झाला आहे. स्प्लिट ते दुब्रोवनिक एका बाजूचे अंतरच शंभरावर सागरी मैल आहे (सागरी मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर). शिडाची बोट तासाला पाच-सहा सागरी मैल जाते. आणि सात दिवस म्हटले तरी हाताशी सहाच येतात. बोट शनिवारी संध्याकाळी ताब्यात मिळते, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ती मूळ बंदरात परत आणावी लागते आणि शनिवारी सकाळी रिकामी करून द्यावी लागते. तुमच्या बेताप्रमाणे गेलात तर रोज दिवसभर इंजिन चालवत बसाल आणि दुब्रोवनिकला पोहोचताच परतीचे बघावे लागेल.

आधी वारे समजून घ्या. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ना, तिथे ते प्रत्यक्ष भेटतात. उन्हाळ्यात सकाळी समुद्र तेलासारखा गुळगुळीत असतो. अकरा-बाराच्या सुमारास वायव्येकडून 'माएस्त्राल' सुटतो, दुपारी चांगला भरतो आणि सूर्य बुडताना पडतो. हा आपला मित्र. 'जुगो' आग्नेयेकडून येतो, दमट आणि ढगाळ. तो दिवसेंदिवस वाढत जातो आणि मोठ्या लाटा उठवतो. 'बुरा' ईशान्येकडून, डोंगरावरून खाली कोसळतो. आकाश निरभ्र असते आणि झोत एकदम अंगावर येतो. बुरा मुख्यतः हिवाळ्यातला, पण एखादा पाऊस येऊन गेला की उन्हाळ्यातही डोकावतो.

हे धरून मी असा बेत करीन. रविवारी ब्राच बेटावरचे मिल्ना, दहाएक सागरी मैल, हात बसवण्यापुरते. सोमवारी ह्वारसमोरची पाक्लेनी बेटे. मंगळवार आणि बुधवार, दोन्ही रात्री विसला. गुरुवारी वीसेक सागरी मैल उत्तरेला शोल्टा बेटावरचे मास्लिनित्सा, आणि शुक्रवारी दुपारी आरामात स्प्लिट. जुगो वाहू लागला तर विसचा हट्ट सोडा आणि ह्वारच्याच उत्तर किनाऱ्यावरच्या स्तारी ग्रादच्या लांब खाडीत शिरा. इ. स. पूर्व ३८४ मध्ये पारोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी तिथे वसाहत केली. त्यांनी दगडी बांध घालून पाडलेले शेतांचे तुकडे आजही तसेच आहेत, त्यात आजही द्राक्षे आणि ऑलिव्ह लावतात. २००८ मध्ये ते शिवार जागतिक वारसा यादीत आले. मला तर ती अडून पडलेली दुपार ह्वारच्या गजबजाटापेक्षा जास्त लक्षात राहिली आहे.

विसला दोन रात्री का, तर ते बेट युगोस्लाव्हियाच्या लष्कराचा तळ होते आणि १९८९ पर्यंत परदेशी माणसाला तिथे पायच ठेवता येत नव्हता. त्यामुळे तिथे हॉटेलांची गर्दी झाली नाही. शेजारच्या बिशेवो बेटावर निळी गुहा आहे. १८८४ मध्ये सुरुंग लावून तिचे तोंड होडी जाईल एवढे मोठे केले. सकाळी उशिरा, ऊन पाण्याखालच्या फटीतून आत येते तेव्हा अख्खी गुहा खालून उजळते. आपली बोट आत नेता येत नाही, तिथल्या छोट्या होड्यांतून जावे लागते. लाटा असतील त्या दिवशी गुहा बंद.

विसच्याच एका खाडीत आमचा नांगर रात्री दोन वाजता सरकला. झोपेत आधी फक्त आवाज आला, दगडावर साखळी खरवडल्याचा. वर आलो तर किनाऱ्यावरचा दिवा जागा सोडून उजवीकडे गेलेला. दिवा अर्थात तिथेच होता, आम्ही सरकत होतो. नांगर समुद्रगवतावर पडला होता, रुतलाच नव्हता. तेव्हापासून मी पाण्याच्या खोलीच्या पाचपट साखळी सोडते आणि उजेड असेतो गॉगल लावून उडी मारून नांगर डोळ्यांनी पाहते. तिथे सहा मीटर खालची वाळू स्वच्छ दिसते. ठाण्याच्या खाडीत स्वतःचा तळहात दिसत नाही, त्यामुळे ही सवय लावून घ्यावी लागली.

मी दिवाळ्याचा कोळी. वडील शिडाच्या होडीवर तांडेल होते, मी पंचवीस वर्षे मासेमारी केली. आता मुलगा म्हणतो तिकडे जाऊ. मला स्किपर घ्यावा लागेल का? (दिवाळे गाव, बेलापूर)

दादा, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुमच्याइतका समुद्र पाहिलेली माणसे तिथे बोट भाड्याने घेणाऱ्यांत फारच थोडी असतील. पण क्रोएशियाच्या पाण्यात बोट हाती घ्यायची तर त्यांना मान्य असलेले प्रमाणपत्र दाखवावेच लागते, शिवाय बोटीवरून बोलायच्या व्हीएचएफ रेडिओचेही. अनुभवाला तिथे कागदाचे मोल नाही. हे मला पटत नाही, पण नियम असा आहे.

तुमच्यासाठी वाट आहे. क्रोएशियाचे 'ब' वर्गाचे बोटचालक प्रमाणपत्र तिथल्या बंदर कप्तानाच्या कार्यालयात परीक्षा देऊन मिळते. परदेशी माणसाला ती इंग्रजीत देता येते आणि रेडिओचा भाग त्यातच येतो. मुलाला शेजारी बसवून अभ्यास करा. दिव्यांचे आणि वाट देण्याचे नियम तुम्हाला हाताने येतात, फक्त शब्दांत मांडायला शिकायचे आहे. बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला, हिरवा उजव्या, ही रीत आपल्याकडे आणि तिथे एकच आहे.

दोन गोष्टी मात्र नव्या वाटतील. पहिली, भरती-ओहोटी. मुंबईला उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढते-उतरते, तुमचा सगळा दिवस त्यावर चालतो. स्प्लिटला हा फरक अर्धा मीटरही नसतो. उधाण आणि भांग (मोठी आणि लहान भरती) मोजायची सवय तिथे बाजूला ठेवा आणि तेवढे लक्ष वाऱ्याकडे द्या. दुसरी, बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत. पाठ धक्क्याकडे करून, दोन बोटींच्या मधल्या फटीत उलटी शिरवतात आणि पुढून तळाशी बांधलेला दोर ओढून घेतात. बाजूने वारा असला की भल्याभल्यांना घाम फुटतो. म्हणून प्रमाणपत्र मिळाले तरी पहिले दोन दिवस स्किपर ठेवा. हात बसला की त्याला उतरवून द्या आणि सुकाणू तुम्ही घ्या.

सासूबाई सोबत आहेत. त्या शाकाहारी आहेत, कांदा-लसूण खातात. बोटीवर स्वयंपाक होतो का? इथून काय न्यावे? (नौपाडा, ठाणे)

होतो. बोटीत गॅसची शेगडी असते आणि ती बोटीसोबत झुलत राहते, त्यामुळे कुकर सरळ राहतो. तरी चालत्या बोटीत तळण नको. मिक्सर आणि इंडक्शन नेऊ नका. धक्क्यावरची वीज जोडलेली नसेल तर ती उपकरणे चालत नाहीत. चाळीस फुटी बोटीत गोडे पाणी ३००-४०० लिटर असते, ते सात माणसांना दोन-तीन दिवस पुरवायचे, म्हणून भांडी आधी समुद्राच्या पाण्यात विसळा.

सामानाबद्दल नीट ऐका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवा. ताजा कढीपत्ता आणि आंबेही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पोहे, गोडा मसाला, वाळवलेला कढीपत्ता आणि शेंगदाण्याची चटणी न्या.

भाजीला स्प्लिटचा 'पाझार' बाजार, तिथल्या रोमन राजवाड्याच्या पूर्वेच्या भिंतीलगत. तिथे चार्डच्या जुड्या मिळतात, पालकाची जाड देठाची बहीणच. बटाट्याबरोबर परतून केलेली 'ब्लित्वा' प्रत्येक खानावळीत असते, फक्त ती मासळीसोबत येते म्हणून वेगळी मागा. आणि सासूबाईंना 'सोपार्निक' नक्की खाऊ घाला : दोन पातळ पोळ्यांच्या मध्ये चार्ड आणि कांदा भरून, निखाऱ्यांखाली भाजून, वरून ऑलिव्ह तेल आणि लसूण. पहिला घास घेतल्यावर त्या ओळखीचे काहीतरी खाल्ल्यासारख्या बघतील. काळा भात मात्र टाळा, तो रंग माकुळाच्या शाईचा असतो.

सासूबाईंचे गुडघे कसे आहेत, हे तुम्ही लिहिलेले नाही. बोटीतून धक्क्यावर उतरायला हातभर रुंदीची फळी असते आणि आत जायला चार-पाच उभ्या पायऱ्या. बोट ठरवताना फळीला धरायला दोर किंवा कठडा आहे का, हे विचारून घ्या.

बोट लागते. उपाय? (ऐरोली)

गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी तासभर. उघड्यावर बसा, नजर क्षितिजावर, मोबाइल खिशात. आलेपाकाची वडी जवळ ठेवा. खाली केबिनमध्ये जाऊन आडवे व्हायचा मोह होतो, तो टाळा. सुकाणू हातात घेतले की बहुतेकांचे मळमळणे थांबते.

व्हिसा आणि अनामत रकमेविषयी सांगा. (घणसोली)

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत आहे, चलनही युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेमध्ये जायचे असेल तर जानेवारीतच भेटीची वेळ घ्या. बोटीचा करार राहण्याचा पुरावा म्हणून जोडा आणि निदान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा काढा. मुंबईहून स्प्लिटला थेट विमान नाही, वाटेत एकदा तरी बदलावे लागते. ते शुक्रवारी पोहोचेल असे पाहा, म्हणजे बॅग मागे राहिली तरी एक दिवस हातात असतो. बॅग मऊ कापडाचीच. कडक सूटकेस ठेवायला बोटीत जागाच नसते.

अनामतीची मोठी रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. कार्डाची परदेशातली मर्यादा आधी वाढवून घ्या. एकदा आधीपासून असलेल्या ओरखड्याचे पैसे माझ्याकडून कापून घेतले गेले आणि माझ्याकडे पुरावा नव्हता. आता बोट ताब्यात घेताना मी बाहेरची बाजू, शिडे, नांगर, छोटी रबरी होडी आणि तिचे इंजिन या सगळ्याचा व्हिडिओ काढते, आणि जे दिसेल ते त्यांच्या यादीत लिहायला लावते. संध्याकाळी सगळ्यांना घाई असते, तुम्ही करू नका.

बोट संध्याकाळी मिळणार. शनिवारचा दिवस स्प्लिटमध्ये काय पाहावे? (पाचपाखाडी, ठाणे)

राजवाडा. रोमन सम्राट डायोक्लेशियनने इ. स. ३०५ मध्ये सिंहासन सोडले आणि उरलेले आयुष्य इथे काढले. हे वास्तू जपलेले निर्जीव ठिकाण नाही. सातव्या शतकात जवळचे सालोना शहर पडले तेव्हा तिथली माणसे या भिंतींच्या आत आसऱ्याला आली, आणि तेव्हापासून आजपर्यंत लोक इथे राहत आहेत. रोमन कमानीला टेकून घर, खिडकीत वाळत घातलेले कपडे, खाली दुकान. जुन्या वाड्यात शिरल्यासारखे वाटते. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या या सम्राटाची समाधीच पुढे त्यांचे कॅथेड्रल झाली.

तळघरे चुकवू नका. शतकानुशतके वरच्या घरांचा कचरा तिथे पडत राहिला आणि त्या भरावामुळेच ती शाबूत राहिली. वरचे दालन जिथे होते, त्याच आकाराची खोली खाली आहे. तिथून दक्षिणेच्या दरवाजाने बाहेर पडा. आता समोर रिव्हाचा रस्ता आणि ताडाची झाडे आहेत, पण त्या काळी समुद्र थेट या भिंतीला लागत असे आणि गलबते दरवाजापर्यंत येत. रिव्हावरून उजवीकडे चालत राहिलात की वीसेक मिनिटांत मरीना, म्हणजे बोटी लावायचे बंदर, लागते. तुमची बोट शहराबाहेर काश्तेलाच्या किंवा त्रोगिरच्या मरीनात असेल तर मात्र टॅक्सी चार वाजताच सांगून ठेवा.