खारघरच्या फ्लॅटमध्ये पुली जातीचा कुत्रा पाळता येईल का?

येईल, पण त्याचे केस कापून आखूड ठेवणार असाल तरच. मी नेरूळला कुत्र्यांचं ग्रूमिंग करते, लांब केसांची कुत्री रोज धुते-वाळवते, त्यावरून सांगते.

पुली मूळचा हंगेरीचा, मेंढ्या वळवणारा. तिकडे रात्री राखणीला कोमोंडोर जातीचा थोराड पांढरा कुत्रा आणि दिवसा कळपामागे धावायला हा चपळ पुली, अशी कामाची वाटणी असे. जात मिसळून नाहीशी व्हायला आली होती. १९१२ च्या सुमारास एमिल राइत्सित्स या हंगेरीतल्या पशुवैद्यक प्राध्यापकांनी नीट पैदास करून ती सावरली. पुलीचे वरचे राठ आणि आतले मऊ केस एकमेकांत गुंतून त्यांच्या जटा होतात. त्या विंचरायच्या नसतात, बोटांनी मुळापासून सुट्या करायच्या असतात. खरी अडचण वाळवण्याची. टॉवेलने पिळून, ड्रायर मारून जट वरून कोरडी लागते, पण चिमटीत दाबली की आतून अजून ओलीच असते. जुलैच्या दमट हवेत दोन दिवसांत कुबट वास येतो आणि खाली कातडी लाल होते. हे हाल त्या जिवाचे करू नका. मात्र अगदी कातडीपर्यंत भादरू नका, उन्हाने भाजते.

स्वभाव प्रेमळ, अतिशय हुशार. पण अनोळखी माणूस दिसला की भुंकणारच. वजन १०-१५ किलोच, तरी सकाळ-संध्याकाळ भरपूर पळवायला हवं. दिवसभर घर बंद राहणार असेल तर पुली आणू नका.